अनाहूत ई-मेलचा प्रतिबंध : आंतरराष्ट्रीय सहकार्य, तांत्रिक उपाय आणि चंद्रपूर-गडचिरोली जिल्हे

प्रस्तावना :

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. योगायोग असा की, त्याच महिन्यात अमेरिकेतील जॉन पोस्टेल या संगणकशास्त्रज्ञाने ई-मेलची देवाणघेवाण कोणत्या नियमांनी व्हावी हे सांगणारी 'एसएमटीपी' ही नियमावली प्रसिद्ध केली. तिच्यात पुढे सुधारणा झाल्या. परंतु जगातील ई-मेल आजही मूलतः याच पद्धतीने एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे जातात. त्या काळी परस्परांशी जोडलेले संगणक काही शेकड्यांतच मोजता येत होते आणि ते प्रामुख्याने विद्यापीठे, संशोधनसंस्था व संरक्षण खाते यांच्या ताब्यात होते. पत्र पाठविणारा आपले नाव खरेच सांगेल असे गृहीत धरण्यात आले. ते नाव तपासून पाहण्याची कोणतीही तरतूद नियमावलीत नव्हती.

हा धोका त्या वेळी अगदीच अज्ञात होता असे नाही. नको असलेल्या पत्रांचा वर्षाव झाला तर ती नाकारण्याची सोय संगणकाजवळ असावी, असे टिपण खुद्द पोस्टेल यांनीच नोव्हेंबर १९७५ मध्ये लिहिले होते. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी नव्या संगणकाची जाहिरात सुमारे चारशे जणांना एकाच वेळी धाडली आणि अनाहूत ई-मेलचा पहिला नमुना जगाला मिळाला. तरीही चार वर्षांनी आलेल्या नियमावलीत दाराला कडी बसविली गेली नाही, ही तंत्रज्ञानाच्या इतिहासातील एक विलक्षण बाब म्हणावी लागेल.

पुढील चार दशके ही कडी बाहेरून बसविण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्यासाठी झालेले आंतरराष्ट्रीय सहकार्य व तांत्रिक उपाय यांचा परिचय करून देणे आणि चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांतील संस्थांवर त्यांचा काय परिणाम होतो हे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. अनाहूत पत्रे रोखण्याचा प्रश्न हा अंतिमतः 'खरे पत्र कोणते, हे कोणी ठरवावे' असा प्रश्न आहे; आणि वनोपजाच्या संदर्भात नेमका हाच प्रश्न या प्रदेशाने पूर्वी अनुभवलेला आहे.

स्पॅमचे स्वरूप आणि अर्थकारण :

प्राप्तकर्त्याने मागणी केलेली नसताना मोठ्या संख्येने एकाच वेळी पाठविलेले संदेश म्हणजे स्पॅम. मजकूर कोणता आहे यावर ही व्याख्या अवलंबून नाही. औषधाची जाहिरात, लॉटरीचे आमिष, धर्मप्रचार किंवा निवडणुकीचे आवाहन यांपैकी काहीही असो; संमतीचा अभाव आणि संख्येचे प्राबल्य ही दोन लक्षणे एकत्र आली की तो स्पॅम ठरतो. हा शब्द मुळात डबाबंद मांसाच्या एका अमेरिकी उत्पादनाचे नाव आहे. 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी चमूने १९७० मध्ये सादर केलेल्या एका प्रवेशात उपाहारगृहाच्या प्रत्येक पदार्थात हेच मांस येत राहते आणि त्या शब्दाच्या गजरात इतर सर्व संभाषण बुडून जाते. संगणकाच्या वापरकर्त्यांनी तो शब्द तेथून उचलला.

हा व्यवसाय टिकून राहण्याचे कारण त्याच्या अर्थकारणात आहे. टपालाने एक लाख पत्रके पाठवायची झाल्यास कागद, छपाई व तिकिटे यांचा खर्च पाठविणाऱ्याला सोसावा लागतो. ई-मेलमध्ये हा भार जवळजवळ संपूर्णपणे प्राप्तकर्त्यावर व मधल्या सेवादात्यांवर पडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये 'स्टॉर्म' नावाच्या बॉटनेटचा अभ्यास केला. मालकाच्या नकळत ताब्यात घेतलेल्या संगणकांच्या जाळ्याला बॉटनेट म्हणतात. या अभ्यासात औषधांची जाहिरात करणारे सुमारे ३५ कोटी संदेश पाठविले गेल्यावर केवळ २८ ग्राहकांनी खरेदीचा प्रयत्न केल्याचे आढळले. कोणत्याही दुकानदाराचे या प्रमाणात दिवाळे निघाले असते. परंतु संदेश पाठविण्याचा खर्च शून्याच्या जवळ असल्याने असे अठ्ठावीस ग्राहकही पुरेसे ठरतात.

प्राप्तकर्त्याचा खर्च मात्र सर्वत्र सारखा नसतो. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने म्हणजे ओईसीडीने २००५ मध्ये विकसनशील देशांतील स्पॅमविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. जेथे जोडणी महाग व अपुरी असते तेथे स्पॅमची झळ श्रीमंत देशांपेक्षा अधिक लागते, असे त्याचे प्रतिपादन होते. हे साध्या हिशेबानेही पटते. दूरध्वनीच्या तारेवरून चालणाऱ्या जोडणीत प्रत्यक्ष वेग सेकंदाला ४० किलोबिट मिळतो असे धरले, तर ५० किलोबाइटचे एक पत्र उतरण्यास दहा सेकंद लागतात. अशी साठ निरुपयोगी पत्रे साचली की कामाचे पत्र हाती येण्यापूर्वी दहा मिनिटे जातात, आणि त्या मिनिटांचे बिल दूरध्वनीधारकाला येते. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भूभाग वन म्हणून नोंदलेला आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा प्रदेशात तार टाकणे किंवा मनोरा उभारणे हे मैदानी जिल्ह्यापेक्षा किती कठीण, हे वेगळे सांगावयास नको. येथे जोडणी उशिरा आली, क्षीण आली आणि तिच्यातून वाहणाऱ्या कचऱ्याचे प्रमाण मात्र इतरत्र होते तेवढेच होते.

या चित्राला आणखी एक बाजू आहे. भारत केवळ स्पॅम सोसणारा देश राहिला नाही. सोफॉस या सुरक्षा कंपनीच्या पाहणीनुसार २०१२ च्या पहिल्या तिमाहीत जगातील ९.३ टक्के स्पॅम भारतातील संगणकांमधून बाहेर पडत होता व या यादीत भारत अमेरिकेच्याही पुढे, पहिल्या स्थानी होता. याचा अर्थ स्पॅम पाठविणारे सर्व भारतीय होते असा नव्हे. त्या वर्षांत इंटरनेटवर प्रथमच येणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढत होती. अनेक संगणकांवर विनापरवाना प्रणाली होती आणि तिला सुरक्षेच्या सुधारणा मिळत नव्हत्या. सायबर कॅफेतील एखादा संगणक रात्रंदिवस परदेशी टोळीसाठी राबत असे आणि कॅफेचालकाला 'मशीन स्लो झाली' एवढेच जाणवत असे. त्याचा आयपी पत्ता काळ्या यादीत गेला की तोच पत्ता वापरणाऱ्या इतर ग्राहकांची पत्रेही नाकारली जात. तालुक्याच्या ठिकाणी ज्यांना सेवादाता निवडण्याची मुभाच नव्हती, त्यांच्यासाठी ही शिक्षा शेजाऱ्याच्या अपराधाची होती.

तांत्रिक उपाय :

पहिला उपाय काळ्या यादीचा होता. पॉल व्हिक्सी यांनी १९९७ च्या सुमारास स्पॅम पाठविणाऱ्या संगणकांचे पत्ते एकत्र करून इतर सर्व्हरना ते तपासण्याची सोय करून दिली. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफोर्ड यांनी 'स्पॅमहाउस' ही संस्था स्थापन केली. तिच्या याद्या आजही जगभर वापरल्या जातात. कोणत्याही शासनाने या संस्थेला अधिकार दिलेला नाही. तिची यादी मानणे वा न मानणे ऐच्छिक आहे. पण मोठ्या सेवादात्यांनी ती मानली की तिच्यात नाव येणे हे बहिष्कृत होण्यासारखेच ठरते.

दुसरा उपाय मजकुराची चाळणी. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी संभाव्यताशास्त्रावर आधारित पद्धत लोकप्रिय केली. प्रत्येक शब्द स्पॅममध्ये किती वेळा व खऱ्या पत्रांत किती वेळा येतो हे मोजून नव्या पत्राची शक्यता ठरवावयाची, असे तिचे सूत्र होते. वापरकर्ता एखाद्या पत्रावर 'स्पॅम' अशी खूण करतो तेव्हा चाळणीला नवा धडा मिळतो. आजच्या यंत्रशिक्षणावर आधारलेल्या चाळण्या ही याच कल्पनेची वाढ होय. चाळणी जे पाहते त्यावरूनच शिकते, ही तिची मर्यादा आहे. त्या दशकात मराठी मजकूर बहुधा कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या फाँटांत टंकलिखित होत असे. असा मजकूर थेट पत्रात चिकटविला व समोरच्याकडे तो फाँट नसला, तर रोमन अक्षरे व चिन्हांचा निरर्थक गुंता दिसे. चाळणी चुकविण्यासाठी स्पॅम पाठविणारेही नेमका असाच निरर्थक अक्षरगुंता वापरीत. दोहोंतील फरक यंत्राला कळण्याचे काही साधन नव्हते. युनिकोडचा प्रसार झाल्यानंतर ही अडचण दूर झाली.

तिसरा उपाय ओळख पटविण्याचा. सर्वांत टिकाऊ ठरलेला आणि या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा उपाय हाच आहे. तो समजून घेण्यासाठी या प्रदेशातील वाचकाला दूर जावयास नको. जंगलातील सागवान रस्त्याने जात असेल तर वन तपासणी नाक्यावर गाडी थांबते. ओंडक्यावर हातोड्याने उमटविलेला ठसा आहे काय, तो गाडीवानाजवळच्या वाहतूक परवान्याशी, म्हणजे ज्याला सर्रास 'टीपी' म्हटले जाते त्याच्याशी जुळतो काय, हे पाहिले जाते. लाकूड चांगले आहे की वाईट याच्याशी नाक्याला कर्तव्य नसते. ते अधिकृत ठिकाणाहून निघाले आहे किंवा नाही, एवढाच तेथील प्रश्न असतो.

ई-मेलमध्ये हीच व्यवस्था तीन पायऱ्यांनी उभी राहिली. पहिली पायरी 'एसपीएफ', तिचे प्रायोगिक मानक एप्रिल २००६ मध्ये आले. आपल्या डोमेनच्या नावाने पत्रे पाठविण्याचा अधिकार कोणकोणत्या सर्व्हरना आहे, याची यादी डोमेनचा मालक डीएनएस या सार्वजनिक नामसूचीत जाहीर करतो. बल्लारपूरच्या आगाराचे नाव सांगणारा माल भलत्याच रस्त्याने आला तर नाकेदाराला संशय यावा, तसेच येथे घडते. दुसरी पायरी 'डीकेआयएम', तिचे मानक मे २००७ मधील. यात प्रत्येक पत्रावर गणिती स्वाक्षरी उमटविली जाते. स्वाक्षरीची गुप्त किल्ली पाठविणाऱ्याजवळ राहते व ती पडताळण्याची उघड किल्ली नामसूचीत असते. वाटेत मजकूर बदलला गेल्यास ठसा जुळत नाही. 'डीमार्क' ही तिसरी पायरी २०१२ मध्ये मांडली गेली व मार्च २०१५ मध्ये तिचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. पत्रावर दिसणारे नाव आणि पहिल्या दोन पायऱ्यांत सिद्ध झालेले नाव एकच असावे, अशी तिची अट असते. नसल्यास पत्र जाऊ द्यावे, बाजूला ठेवावे की परत फिरवावे, याची सूचना डोमेनचा मालक स्वतः देतो; शिवाय आपल्या नावाने कोठून किती पत्रे निघाली याचा अहवालही त्याला मिळतो. वननाक्यांना अशी सोय अद्याप नसावी.

या व्यवस्थेच्या मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. पत्र दुसऱ्या पत्त्यावर पुढे धाडले की पहिली पायरी मोडते. दुसरे असे की, परवाना असणे म्हणजे सचोटी असणे नव्हे. फसविणाराही स्वतःचे डोमेन विकत घेऊन त्यावर सर्व ठसे बिनचूक उमटवू शकतो. ओळख पटल्याने एवढेच साधते की त्याला दुसऱ्याचे नाव वापरता येत नाही आणि त्याची अपकीर्ती त्याच्याच नावाला चिकटते.

कॅस्परस्की या कंपनीच्या मोजणीनुसार २०२४ मध्ये जगातील ई-मेलपैकी सुमारे ४७ टक्के स्पॅम होता. सामान्य वापरकर्त्याला तो तितका दिसत नाही, याचे श्रेय या साऱ्या उपायांना द्यावे लागते.

आंतरराष्ट्रीय सहकार्याचा प्रवास :

स्पॅम पाठविणारा एका देशात, त्याचा सर्व्हर दुसऱ्या देशात, ताब्यात घेतलेले संगणक पन्नास देशांत आणि पैसे गोळा करणारी बँक आणखी कोठे, अशी रचना असल्याने एकट्या देशाचा कायदा अपुरा पडतो. तरीही सुरुवात देशोदेशींच्या कायद्यांनीच झाली. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशाद्वारे पूर्वसंमतीचा दंडक घातला. ऑस्ट्रेलियाचा २००३ चा कायदाही संमतीवर उभा आहे. अमेरिकेने मात्र १ जानेवारी २००४ पासून लागू झालेल्या 'कॅन-स्पॅम' कायद्यात उलट वाट धरली. व्यापारी पत्र पाठविण्यास पूर्वसंमतीची गरज नाही. केवळ पत्ता खरा असावा, विषयात दिशाभूल नसावी आणि नको म्हणणाऱ्याला वगळावे, असे त्यात ठरले. परिणामी एका देशात गुन्हा असलेले पत्र दुसऱ्या देशात वैध व्यापार ठरू लागले. सहकार्यातील पहिली अडचण हीच होती.

२००४ हे या दृष्टीने गजबजलेले वर्ष होते. जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जिनिव्हात स्पॅमविषयक बैठक घेतली. ऑक्टोबरमध्ये अनेक देशांच्या अंमलबजावणी यंत्रणांनी 'लंडन कृती योजना' स्वीकारली. आणि त्याच वर्षी मोठ्या सेवादात्यांनी स्वतःचा कार्यगट उभारला. लंडन योजना हा करार नव्हता. कोणत्या देशात कोणाला दूरध्वनी करावा आणि कोणती माहिती देता येईल, एवढ्याच व्यवहारी गोष्टींची ती जुळणी होती. २०१६ मध्ये तिचे नाव बदलून 'युसीईनेट' झाले. २००५ च्या ट्युनिस येथील माहिती समाज शिखर परिषदेने स्पॅमचा परिणामकारक मुकाबला करण्याचा संकल्प केला आणि २००६ मध्ये ओईसीडीने सदस्य देशांना सीमापार अंमलबजावणीची शिफारस केली.

प्रत्यक्ष यश मात्र परिषदांच्या बाहेर मिळाले. ११ नोव्हेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियातील 'मॅककोलो' या होस्टिंग कंपनीची जोडणी तिला सेवा देणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांनी तोडली आणि जगातील स्पॅम एका रात्रीत निम्म्याहून खाली आला. हे कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाने झाले नाही. संशोधकांनी जमविलेले पुरावे वॉशिंग्टन पोस्टच्या ब्रायन क्रेब्स या पत्रकाराने संबंधित कंपन्यांपुढे ठेवले, एवढे निमित्त पुरले. काही महिन्यांत टोळ्यांनी नवे आश्रय शोधले व प्रमाण पूर्ववत झाले. जानेवारी २०२१ मध्ये 'एमोटेट' या बॉटनेटवर नेदरलँड्स, जर्मनी, अमेरिका, ब्रिटन, युक्रेन आदी आठ देशांच्या पोलिसांनी युरोपोलच्या समन्वयाने एकत्र छापा घातला; त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एमोटेट पुन्हा डोके वर काढताना दिसले. अशा मोहिमा शेतातील तण काढण्यासारख्या आहेत. एकदाच करून भागत नाही.

औपचारिक कराराचा मार्ग त्याहून कठीण ठरला. डिसेंबर २०१२ मध्ये दुबई येथे आंतरराष्ट्रीय दूरसंचार नियमावलीत अनाहूत संदेशांविषयी एक कलम घालण्यात आले. स्पॅम ओळखावयाचा तर मजकूर पाहावा लागेल आणि मजकूर पाहण्याचा अधिकार शासनांना मिळाला तर त्याचा उपयोग विरोधकांची तोंडे बंद करण्यासाठी होईल, असा आक्षेप अमेरिका व अनेक युरोपीय देशांनी घेतला. ८९ देशांनी स्वाक्षरी केली. भारताने त्या वेळी ती केली नाही. हा आक्षेप पोकळ नव्हता, याचा पुरावा त्याच सुमारास महाराष्ट्रात मिळाला.

भारतीय कायद्यातील पोकळी :

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये मूलतः स्पॅमचा विचार नव्हता. २००८ च्या दुरुस्तीने ६६अ हे कलम आले व २७ ऑक्टोबर २००९ पासून ते अमलात आले. त्याच्या तिसऱ्या खंडात त्रास वा गैरसोय व्हावी म्हणून, किंवा पत्राच्या उगमाविषयी प्राप्तकर्त्याची दिशाभूल व्हावी म्हणून ई-मेल पाठविणे हा गुन्हा ठरविला होता. भारतीय कायद्यात स्पॅमच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद ती हीच. परंतु 'त्रास', 'गैरसोय', 'अत्यंत आक्षेपार्ह' हे शब्द इतके सैल होते की त्यांत काहीही बसविता येई. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळण्यात आलेल्या बंदविषयी फेसबुकवर मत व्यक्त केल्याबद्दल पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली, ती याच कलमाच्या आधारे. त्यातून सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात न्यायालयाने संपूर्ण ६६अ कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने हा निर्णय सर्वथा स्वागतार्ह होता. मात्र कलमाच्या इतर भागांबरोबर ई-मेलविषयीचा तुकडाही गेला आणि त्याच्या जागी काटेकोर शब्दांतील नवी तरतूद संसदेने केली नाही. आज ई-मेलद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास ६६ड व ओळखचोरी केल्यास ६६क ही कलमे लागू होतात. फसवणूक न करता केवळ लाखो लोकांना नको असलेली पत्रे पाठविणे हा भारतात गुन्हा नाही. दूरध्वनी व एसएमएसच्या बाबतीत याच देशाने किती निराळी भूमिका घेतली ते पाहण्यासारखे आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१० व त्यानंतर २०१८ मध्ये विनियम केले. व्यापारी संदेश पाठविणाऱ्याला आपली ओळख व संदेशाचा नमुना आधी नोंदवावा लागतो आणि १९०९ या क्रमांकावर तक्रार करता येते. ई-मेल या प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाही. वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण अधिनियम, २०२३ अन्वये ई-मेलचा पत्ता ही वैयक्तिक माहिती ठरते व ती वापरण्यास संमतीची अपेक्षा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. ही पोकळी त्यातून कितपत भरेल, हे त्या अंमलबजावणीवर अवलंबून राहील.

प्रदेशातील परिणाम :

चंद्रपूर व गडचिरोलीतील महाविद्यालये २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेत आहेत. तेथील प्राध्यापकांच्या पेटीत येणाऱ्या स्पॅमचा एक प्रकार इतरांच्या वाट्याला फारसा येत नाही : पैसे घेऊन चार दिवसांत शोधनिबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांची निमंत्रणे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी पदोन्नतीसाठी प्रकाशनांना गुण दिले आणि त्या गुणांभोवती बाजार उभा राहिला. आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली, मे २०१८ मध्ये त्यातील ४,३०५ नावे वगळली, २०१९ मध्ये 'केअर' यादी आणली व फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. ग्रंथालय व मार्गदर्शक यांचा आधार ज्यांना सहज मिळत नाही, अशा दूरस्थ महाविद्यालयातील तरुण अध्यापकाला आर्जवी ई-मेलचा मोह अधिक पडावा, हे स्वाभाविक आहे.

या संदर्भात प्राणहितेपलीकडच्या तेलंगणातील हैदराबादचे एक प्रकरण उद्बोधक आहे. तेथील 'ओमिक्स' समूहाविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये दावा लावला. संपादक मंडळ, परीक्षण व शुल्क यांविषयी संशोधकांची दिशाभूल केली जाते, असा आरोप होता. आणि लेखकांना गाठण्याचे मुख्य साधन ई-मेल हेच होते. मार्च २०१९ मध्ये नेवाडा येथील संघीय न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निवाडा कंपनीविरुद्ध दिला. परंतु दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ प्रमाणे ज्या देशांचे निवाडे भारतात थेट बजावता येतात, त्यांत अमेरिका नाही; त्यासाठी येथे नव्याने दावा करावा लागतो. सीमापार सहकार्याचे सर्व ठराव आणि प्रत्यक्ष वसुली यांच्यातील अंतर या एका कलमाएवढे आहे.

नोकरीच्या शोधातील तरुणांची हानी याहून थेट असते. कोळसा खाणी, वीज केंद्र व वन विभाग ही या भागातील प्रतिष्ठेची नोकरी देणारी ठिकाणे. त्यांच्या नावाचे बोधचिन्ह लावून 'निवड झाली, अनामत रक्कम भरा' असे पत्र आले की घरातील शहाणपण क्षणभर बाजूला पडते. बनावट भरतीविषयी कोल इंडियाने वेळोवेळी जाहीर इशारे दिले आहेत. अशा पत्रात पाहावयाची गोष्ट एकच असते. पत्त्यातील '@' या चिन्हानंतरचे डोमेन हे त्या संस्थेचे अधिकृत डोमेन आहे काय ? नसल्यास पुढील मजकूर वाचण्याचे कारण उरत नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर तत्काळ कळविल्यास रक्कम पुढील खात्यांत जाण्यापूर्वी गोठविण्याची शक्यता राहते. संगणकच बॉटनेटच्या ताब्यात गेल्याचा संशय असल्यास, फेब्रुवारी २०१७ पासून कार्यरत असलेल्या केंद्र शासनाच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'ची साधने विनामूल्य मिळतात.

तिसरा परिणाम उलट दिशेचा असून त्याची चर्चा अगदी थोडी होते. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल व याहू यांनी रोज पाच हजारांहून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क हे तिन्ही सक्तीचे केले. छोट्या प्रेषकालाही पहिल्या दोहोंपैकी किमान एक आवश्यक ठरले. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही मोठ्या प्रेषकांबाबत तशीच अट घातली. नियम योग्यच आहे. परंतु तालुक्याच्या ठिकाणचे महाविद्यालय, पतसंस्था किंवा तेंदू-बांबूचा लिलाव स्वतः करणारी ग्रामसभा यांचे संकेतस्थळ बहुधा जवळच्या शहरातील एखाद्या व्यावसायिकाने बनविलेले असते. नामसूचीत दोन ओळी लिहिण्याचे काम राहून गेलेले असते आणि प्रवेशाची सूचना किंवा लिलावाचे निमंत्रण व्यापाऱ्याच्या व विद्यार्थ्याच्या 'स्पॅम' कप्प्यात जाऊन पडते. पाठविणाऱ्याला ते कळतही नाही.

धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाची आठवण येथे अपरिहार्य आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू तिचा झाला. पण वाहतूक परवान्याचे पुस्तक वन विभागाकडे राहिल्याने तो बांबू गावाबाहेर नेता येईना. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा हक्काला अर्थ आला. संस्थेचे डोमेन संस्थेच्या नावावर नोंदलेले असणे आणि त्याच्या नियंत्रण-पटलाचा परवलीचा शब्द संस्थेच्या कार्यालयात असणे, ही ई-मेलच्या बाबतीत तशीच गोष्ट आहे. अनेक ठिकाणी तो व्यावसायिकाच्या वहीत असतो व त्याने दुकान बदलले की हरवतो.

नियंत्रण हाती आल्यानंतरचे काम अवघड नाही आणि त्यास वेगळा खर्च येत नाही. प्रथम संस्थेच्या नावाने कोण कोण पत्रे पाठवते याची यादी करावी. कार्यालय, परीक्षा विभाग, शुल्क स्वीकारणारी खासगी प्रणाली यांपैकी शेवटचे नाव हमखास विसरले जाते. मग एसपीएफची नोंद व डीकेआयएमची किल्ली नामसूचीत घालावी. डीमार्क आरंभी केवळ अहवाल मागविणाऱ्या स्वरूपात ठेवून दोन-तीन महिने अहवाल पाहावेत. राहून गेलेला खरा प्रेषक त्यांत दिसतो, तोतयाही दिसतो. खऱ्यांची नोंद पूर्ण झाली की न जुळणारी पत्रे बाजूला ठेवण्याची आणि अखेरीस परत फिरविण्याची सूचना द्यावी. प्रवेशाच्या किंवा तेंदू हंगामाच्या ऐन धामधुमीत हा शेवटचा बदल करू नये; एखादा प्रेषक यादीत राहून गेला असेल तर त्याची पत्रे नेमकी त्याच दिवसांत परत फिरतील.